शाळेत पैशाचा तास: कंपनीवाल्यांनी खान्देशात नेमकं शिकवायचं काय?

हिशेबनीस (धागाकर्ता)

जळगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी अकाउंट्सला आहे. अलीकडे आमच्याकडे स्वयंसेवेचं फॅड आलंय. कर्मचाऱ्यांनी कामाच्या वेळेतले काही तास समाजासाठी द्यायचे, कंपनी पगार कापणार नाही. झाडं लावून झाली, रक्तदान झालं. आता विषय आलाय 'शाळेतल्या मुलांना आर्थिक साक्षरता'. अकाउंट्सवाले म्हणजे पैशातलं सगळं कळणारे, असा एचआरचा समज, त्यामुळे आमची वर्णी पहिल्यांदा लागली.

चोपडा तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत नववीला तास घेतला. मजकूर मुंबईच्या मुख्य कार्यालयातून आलेला, स्लाइडवर. पहिलीच स्लाइड: 'समजा, तुमच्या बाबांचा पगार ३०,००० रुपये आहे.' पुढे तो ५०-३०-२० चा नियम. निम्मे गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. मागच्या बाकावरून एक पोरगं म्हणालं, "सर, आमच्याकडं पगार नसतो. कापूस गेला की पैसे येतात."

पुढचा खेळ होता 'गरज की चैन'. वस्तूंच्या चिठ्ठ्या, मुलांनी दोन खोक्यांत टाकायच्या. माझ्यासोबत पुण्याहून बदलून आलेला एक तरुण सहकारी होता, चांगला मुलगा. मुलांनीही चिठ्ठ्या लिहाव्यात असं त्यानं सुचवलं. एका मुलीनं लिहिलं, 'आखाजीला बहिणीची साडी.' (आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया.) त्यानं ती वाचली आणि चैनीच्या खोक्यात टाकली. वर्ग पेटला! "सर, ताई आखाजीला माहेरी येते. तिला रिकाम्या हातानं पाठवायचं का?" एक पोरगा उठून म्हणाला, "सर, मोबाइलचा रिचार्ज गरजेत टाकला आन् साडी चैनीत?" सहकारी गोंधळला. शेवटी मुलांनीच तिसरं खोकं मागितलं. त्यावर काय लिहायचं यावर पाचेक मिनिटं वाद झाला आणि ठरलं: 'टाळता येत नाही.' त्यात साडी गेली, आहेर गेला, दहाव्या-तेराव्याचा खर्च गेला, दवाखानाही गेला.

माझ्या मते अख्ख्या तासात कामाचं झालं ते एवढंच. ते तिसरं खोकं मुख्य कार्यालयाच्या कुठल्याही स्लाइडवर नाही.

तर प्रश्न असा. हा उपक्रम वर्षभर चालवायचं चाललंय. आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारच्या पोरांना पैशाचं काय शिकवावं, आणि ते आमच्यासारख्या पगारदारांनी शिकवावं का? शिक्षक, शेतकरी, बँकवाले, सगळ्यांनी लिहा.

---

केळीबाग_रावेर

हिशेबनीस भाऊ, त्या पोराचं बरोबर आहे. महिन्याचं बजेट आमच्या घरात कोणी केलं नाही, करूही शकत नाही. केळी लावली की वर्षभर पैसा फक्त जातो. रोपं, ठिबक, खतं, मजुरी. माल कापायला आला की भाव बऱ्हाणपूरच्या लिलावाकडं बघून ठरतो. अन् मे-जूनमध्ये एक वादळ आलं की उभी बाग आडवी. सालदाराचं, म्हणजे वर्षावर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजीला सुरू, आखाजीला संपतं. उचल तो आधीच घेऊन बसलेला असतो.

म्हणून पोरांना शिकवायचं तर हे शिकवा: एकरकमी आलेला पैसा बारा महिने कसा पुरवायचा. आमच्याकडं पैसा नसतो तेव्हा अडचण कमी असते भो, पैसा येतो तेव्हा जास्त असते. माल न्यायला गाडी आली की हात सुटतो. मोटारसायकलच्या शोरूमवाल्याला आमचा हंगाम आमच्यापेक्षा चांगला ठाऊक असतो.

---

रोखठोक

गंमत वाटते. ज्या कंपन्यांत कंत्राटी कामगाराला पगारपत्रक मिळत नाही, पीएफ भरला की नाही ते कळत नाही, त्या कंपन्यांचे साहेब त्याच कामगाराच्या पोराला बचत शिकवायला जाणार. बापाला किमान वेतन वेळेवर द्या, पोराला बचत आपोआप येईल. गरिबाला पैसा वापरता येत नाही, हे गृहीतच मला मान्य नाही. दिवसाला मिळेल तेवढ्यात पाच माणसं जगवणारी बाई तुमच्या सीएपेक्षा हुशार असते.

---

हिशेबनीस

रोखठोक, शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. पहिल्याशीही माझं भांडण नाही. पण मग पगारपत्रक कसं वाचायचं, पीएफचा यूएएन (कामगाराचा पीएफचा कायमचा नंबर) काय असतो, फोनवर शिल्लक कशी बघायची, हे दहावीच्या पोराला शिकवलं तर तुमच्याच मुद्द्याला धार येते ना? आमच्या स्लाइडमध्ये हे नाही. का नाही, त्याचा अंदाज तुम्हीही करू शकाल.

---

रोखठोक

हे शिकवणार असाल तर मी स्वतः येतो.

---

गुरुजी_शहादा

शिक्षकाच्या बाजूने लिहितो. जरा लांबेल.

आमच्याकडे दरवर्षी कोणी ना कोणी येतं. आधी बॅनर उतरतो, मग फोटो, मग तास, मग पुन्हा फोटो, बिस्किटाचे पुडे वाटप आणि गाडी नंदुरबारच्या रस्त्याला. पुढच्या वर्षी दुसरी माणसं तोच तास पुन्हा घेतात, कारण आधी कोण येऊन काय सांगून गेलं याची नोंद कोणाकडेच नसते. पोरं हुशार झाली आहेत. 'बचतीचे फायदे सांगा' म्हटलं की एका सुरात उत्तर येतं.

दुसरं. अर्थनियोजन हा धडा नववीच्या आणि दहावीच्या बीजगणितात आहेच. नववीला बचत, गुंतवणूक, कर. दहावीला जीएसटी आणि शेअर्स. परीक्षेला गुण आहेत. माझ्या वर्गातली पोरं सीजीएसटी-एसजीएसटीची गणितं पटापट सोडवतात, पण गावातल्या दुकानाचं खरं बिल हातात दिलं तर त्यावर जीएसटी क्रमांक कुठे असतो ते शोधता येत नाही. कारण मीच त्यांना खरं बिल कधी दाखवू शकलेलो नाही, गावात पक्कं बिल मिळतं कुठे? तुमच्या अकाउंट्सवाल्यांनी येताना जुन्या बिलांची, चेकची, पावत्यांची थैली आणावी (नाव-नंबर खोडून). धडा मी शिकवीन. त्याला कागद तुम्ही पुरवा. तास मुळात शिक्षकाचा, पाहुण्यानं त्याला जोड द्यायची, असं असलं तर ते टिकतं.

तिसरं, आणि हे फार महत्त्वाचं. वर्गात 'तुमच्या घरी कर्ज आहे का, हात वर करा' असं कृपा करून विचारू नका. एका पाहुण्यानं विचारलं होतं. जिचा बाप कर्जापायी गेला ती पोरगी त्याच वर्गात होती. घर काल्पनिक घ्या. पोरं त्या घराच्या आडून स्वतःच्या घराबद्दल सगळं बोलतात, कोणाला खाली मान घालावी लागत नाही.

चौथं: दिवाळीनंतर येऊ नका. आमच्या भागातली निम्मी घरं तेव्हा गुजरातला ऊसतोडीला गेलेली असतात, लेकरं सोबत. ज्यांना हे शिकवायची जास्त गरज आहे तीच बाकं रिकामी. जुलै-ऑगस्टमध्ये या. मुकादमाकडून उचल घेतली की तिची फेड कशी मोजतात, वर्षअखेर काय कापलं जातं, हा हिशेब त्या पोरांना जायच्या आधी कळायला हवा.

---

तापीची_लेक

मूळची धुळ्याची, आता पुण्यात एका कंपनीच्या सीएसआर (कंपनीचं समाजकार्य) विभागात. थोडा कायदा सांगते, कारण लोकांचा गैरसमज असतो.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी ओलांडलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. १ एप्रिल २०१४ पासून लागू. पण कर्मचारी शाळेत जाऊन जे तास देतात त्यांचे पैसे लावून ते या २ टक्क्यांत दाखवता येत नाहीत. सरकारचं स्पष्टीकरण आहे तसं. म्हणजे स्वयंसेवेतून कंपनीचा कायदेशीर कोटा भरत नाही. कंपन्या ती करतात नावासाठी, माणसं टिकावीत म्हणून, आणि काही खरोखर मनापासून. फोटोंचा सोस कुठून येतो ते यावरून कळेल. ज्याची रुपयांत मोजदाद नाही, त्याचा पुरावा म्हणजे फोटो.

कल्पना नवी नाही. उद्योगातल्या माणसांनी शाळेत जाऊन व्यवहार शिकवायचा, या पायावर अमेरिकेत १९१९ मध्ये ज्युनियर अचीव्हमेंट सुरू झालं. ते आता भारतातही आहे. आपल्याकडे मुंबईत १९९१ मध्ये मेलजोल सुरू झाली, तिच्यातून 'अफलातून' उपक्रम निघाला आणि जगभर गेला. त्यात बचतीसोबत हक्क आणि जबाबदाऱ्याही शिकवतात.

आता जरा कडू. २०१४ मध्ये २०१ अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा आर्थिक शिक्षणानं माणसाच्या प्रत्यक्ष वागण्यातला जेमतेम ०.१ टक्का फरक समजावता येतो असं निघालं, आणि शिकवलेलं दीड-दोन वर्षांत विरून जातं. नंतर २०२२ मध्ये ७६ प्रयोगांचा आढावा आला, तो बराच आशादायक होता. दोन्ही वाचून माझं मत झालंय की शिकवणं ज्या निर्णयाच्या तोंडावर होतं तेच अंगी लागतं. नववीच्या पोराला निवृत्तीचं नियोजन सांगणं व्यर्थ. बारावी संपताना शैक्षणिक कर्ज, पहिला पगार, पहिलं खातं हे सांगणं कामाचं.

आणि घानातला एक प्रयोग मला विसरता येत नाही. काही शाळांत नुसती बचत शिकवली, काहींत बचतीसोबत हक्क वगैरे. बचतीची सवय दोन्हीकडे दिसली. पण जिथे नुसता पैसा शिकवला तिथे मुलांची मजुरी वाढल्याचं दिसलं. बचतीच्या पेटीत टाकायला पैसे हवेत, तर कमवायला निघाली पोरं. आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत हे होणारच नाही असं कोणी म्हणू शकेल का? 'सर्वात जास्त बचत करणाऱ्याला बक्षीस' ही स्पर्धा म्हणूनच बंद करा. एखादी पोरगी वेचणीला जाऊन पैसे आणेल आणि तुम्ही स्टेजवर टाळ्या वाजवाल.

---

केळीबाग_रावेर

ताई, हे पटलं. आमना गावमा अस्संच शे. दिवाळीच्या सुटीत पोरं वेचणीला जातात, तोच त्यांचा 'पॉकेटमनी'.

---

भुसावळ_जंक्शन

सरकारी बँकेतून निवृत्त. जुन्या लोकांना शाळेतली संचयिका आठवत असेल. दर आठवड्याला आठ आणे, रुपया, गुरुजींच्या वहीत नोंद. व्याज किती मिळालं कोणाला आठवत नाही, पण वहीत आपल्या नावापुढे आकडा वाढताना बघायची गोडी होती.

हल्ली खातं काढणं सोपं झालंय. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवता येतं. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये नवे निर्देश काढले, बँकांना १ जुलै २०२५ पर्यंत त्यानुसार धोरण करायला सांगितलं. मर्यादा बँक ठरवते. स्वयंसेवकांनी भाषणापेक्षा हे करावं: वर्गाला घेऊन शाखेत जावं, भरणा स्लिप प्रत्येकाच्या हातानं भरून घ्यावी. बँकेच्या दारात पाऊल ठेवायला घाबरणारा पदवीधर मी पाहिलाय.

पोस्टाची आवर्ती ठेव सांगा. १०० रुपये महिना, ५ वर्षं. सध्याच्या ६.७ टक्क्यांनी भरले ६,००० तर हाती ७,१०० च्या पुढे येतात. हे मुलांना कागदावर तिमाही व्याज लावून करायला लावा. नुसतं 'चक्रवाढीची जादू' म्हणू नका, जादू म्हटलं की मेंदू बंद होतो. आणि केळीबाग म्हणतात तशा घरांना दरमहा भरणं जमत नाही, त्यांना माल विकला की मुदत ठेव बरी.

आणखी एक. जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांत अडकलेले पैसे हा आपला जुना घाव आहे. पेन्शनच्या, मुलीच्या लग्नाच्या ठेवी घेऊन लोक वर्षानुवर्षं फिरले. पोरांना हे सांगितलंच पाहिजे: बँकेतल्या, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ठेवीला प्रत्येक बँकेत ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा आहे. फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख, आधी १ लाख होता. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. पाटी सारखीच चकचकीत, व्याज टक्का-दीड टक्का जास्त, संचालक ओळखीचे. ते जास्तीचं व्याज कशाबद्दल मिळतंय, हा प्रश्न पोराला विचारता आला की बापाचे पैसे वाचतील.

---

अमळनेरकर

एवढा मोठा धागा आणि विप्रोचं नाव नाही? १९४५ मध्ये अमळनेरला तेलाची गिरणी म्हणून सुरू झालेली कंपनी. आमच्या गावातल्या कित्येक घरांत त्या जुन्या शेअरवर पिढ्या बसून खातात. बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर), स्प्लिट (एका शेअरचे अनेक) होत होत थोडक्याचे कोट्यवधी झाले. पोरांना हे उदाहरण द्या. साने गुरुजींच्या गावात लक्ष्मीही नांदली, हे कळू दे जरा.

---

हिशेबनीस

अमळनेरकर, हे उदाहरण मी मुद्दाम टाळतो. गोष्ट खरी आहे, अभिमानाचीही आहे. पण मुलं त्यातून ऐकतात एवढंच, की शेअर घेतला की करोडपती. त्याच काळात लोकांनी आणखी कोणकोणत्या कंपन्यांचे कागद घेतले आणि त्यांची रद्दी झाली, त्याची आठवण कोणी काढत नाही. ज्यांनी लग्नासाठी, आजारपणासाठी मधेच विकले, तेही मूर्ख नव्हते, त्यांना तेव्हा पैसा लागला. सांगायची तर पूर्ण सांगावी: किती वर्षं हात लावला नाही, आणि हात न लावणं परवडलं कोणाला.

---

अमळनेरकर

हे कबूल. आमच्या चुलत्यांनी विहिरीसाठी विकले होते. विहिरीला पाणी लागलं, तेही सांगा मग.

---

बीकॉम_धुळे

मी कॉलेजात आहे, म्हणून तुमच्या धाग्यातला 'विद्यार्थी' म्हणून लिहितो. काका लोकहो, तुम्ही पोस्टाची आवर्ती ठेव सांगताय. आमच्या ग्रुपवर काय चालतं माहितीये का?

पहिलं, ऑप्शन, म्हणजे शेअरचा भाव वर जाईल की खाली यावर पैसे लावणं. शंभरातले निम्मे तरी फोनवर कुठल्या तरी 'सर'चे चार्ट बघतात. सेबीनं (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे काढले: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा माणशी २ लाखांच्या आसपास. हे मी वर्गात सांगितलं तर एक जण म्हणाला, मी सात टक्क्यांतला. सगळेच सात टक्क्यांतले.

दुसरं, पैसे लावायचे गेम. ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा येऊन बंदी आली, तरी टेलिग्रामवर लिंका फिरतातच. आखाजीला पत्ते खेळणारे आजोबा तीन दिवसांनी पत्ते ठेवून द्यायचे. आमच्या फोनवर आखाजी रोज असते.

तिसरं, आणि हे खरं भयानक: 'खातं भाड्यानं'. तुझं खातं, एटीएम, सिम दे, महिन्याला चार-पाच हजार मिळतील. पोरांना वाटतं फुकटचे पैसे. त्या खात्यातून कोणाच्या तरी फसवणुकीचे पैसे फिरतात, मग खातं गोठतं आणि दारात दुसऱ्या राज्याचे पोलिस. माझ्या ओळखीच्या एकाचं असं झालंय. त्याच्या बापाचं शेतीचं अनुदान त्याच खात्यात यायचं.

तुमच्या कंपनीतल्या माणसांनी हे सांगावं. शिक्षकांना सांगता येत नाही, कारण त्यांना ही अ‍ॅपं माहीत नाहीत (सॉरी गुरुजी). आणि १९३० हा नंबर. पैसे गेले की लगेच, लाज न बाळगता. पहिले काही तासच कामाचे, नंतर पैसे पुढे सरकलेले असतात.

---

गुरुजी_शहादा

सॉरी कशाला, खरंय ते. मला ऑप्शन म्हणजे परीक्षेतला पर्याय एवढंच ठाऊक होतं.

---

तापीची_लेक

बीकॉम, तुझ्यासारख्यांनीच नववी-दहावीच्या वर्गात जावं. बावीस वर्षांचा मुलगा 'माझ्या मित्राचं खातं गोठलं' म्हणतो तेव्हा पोरं ऐकतात. चाळिशीतला मॅनेजर म्हणतो तेव्हा पोरं घड्याळ बघतात. आमच्याकडे आता नवे भरती झालेलेच पाठवतो.

---

साक्रीची_ताई

बचत गटाचं काम करते. मुलींसाठी एक सांगायचं होतं. आमच्या गटातल्या बायका हिशेबाला पक्क्या, पण कर्ज गटाच्या नावावर आणि पैसा वापरतो नवरा. पोरींना एवढं शिकवा की सही करायच्या आधी वाचायचं, आणि जामीनदार म्हणजे काय. 'नुसती सही दे' म्हणणारा भाऊ असो, नवरा असो, विचारायचं. आणि पासबुक, एटीएम, पिन स्वतःजवळ.

बाकी चालू द्या, वाचते आहे.

---

हिशेबनीस

सगळ्यांचे आभार. मधल्या काळात गुरुजींचं ऐकून काल्पनिक घर घेऊन तास करून पाहिला, यावल तालुक्यातल्या शाळेत. स्लाइड नेल्या नाहीत. फळ्यावर लिहिलं: समजा एक घर, तीन एकर कोरडवाहू कापूस, एकरी आठ क्विंटल, भाव सात हजार. पोरांनी लगेच दुरुस्ती केली, "सर, खेडा खरेदीवाला (गावात येऊन माल घेणारा व्यापारी) एवढा देत नाही, कट्टी लावतो, कापून घेतो." बरं, सोयीसाठी तसंच धरू म्हटलं. आले १,६८,०००. बियाणं, खत, फवारणी, वेचणी मिळून एकरी २५,००० गेले, म्हणजे ७५,०००. राहिले ९३,०००. बाराने भागलं: महिन्याला ७,७५०. आकडा बघून एक जण म्हणाला, "म्हणूनच आई मजुरीला जाते." कोणाची आई, ते मी विचारलं नाही.

मग मी कर्जाचा विषय काढला, तर एका मुलानं आपण होऊन शब्द वापरला: "मार्चात नवं-जुनं करावं लागतं, सर." ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सोसायटीचं किंवा बँकेचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तर आपल्या राज्यात ३ लाखांपर्यंत व्याज शून्य टक्के पडतं. पण मार्चात हातात रोकड नसते. मग सावकाराकडून काही दिवसांसाठी उचलायचे, जुनं भरायचं, नवं कर्ज मंजूर झालं की सावकाराला परत करायचे. मी फळ्यावर मांडलं: कर्ज एक लाख, सावकाराचा दर तीन रुपये शेकडा, पंधरा दिवस लागले तरी घेणार पूर्ण महिना. पोरांनी गुणाकार केला, ३,०००. एक मुलगी म्हणाली, "सर, मग शून्य टक्के कुठं राहिलं?"

त्यावरून पुढचं निघालं. सावकाराचा 'तीन टक्के' आणि बँकेचा 'बारा टक्के' यांत स्वस्त कोणता, असं विचारलं. बहुतेकांनी तीन सांगितलं. तीन महिन्याचा आणि बारा वर्षाचा, हे कळल्यावर ३६ आणि १२ अशी तुलना त्यांनीच फळ्यावर येऊन केली. दर ऐकला की 'महिन्याचा की वर्षाचा?' हा प्रश्न विचारायचा, एवढं एक घेऊन गेली तरी माझ्या मते तास वसूल. सावकारीचा २०१४ चा कायदा आहे, परवाना लागतो, तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते, हेही सांगितलं. त्यावर पोरं हसली. का हसली ते मलाही कळलं, त्यामुळे फार ताणलं नाही.

एचआरला आता लेखी कळवलंय: एक शाळा धरायची आणि वर्षभर तीच. अर्थनियोजनाच्या धड्याला जोडून तास. बक्षीस-स्पर्धा नाही. पगारपत्रक आणि पीएफ शिकवणार (यावर अजून उत्तर आलेलं नाही, रोखठोक, तुम्हाला कळवतो). बॅनर राहणार म्हणे, तो गेटवर लावायला मुख्याध्यापकांची हरकत नाही.

आणखी एक चांगला मोका दिसतो, आपल्या शाळांतला बाल आनंद मेळावा. पोरं भरीत-कळण्याची भाकरी, पाणीपुरी, भाजीपाला विकतात, दुपारी 'नफा' मोजतात. तिथे अकाउंट्सवाल्यांनी वही घेऊन बसावं. यंदा मी एका भरिताच्या टपरीशी बसलो. वांगी घरच्या शेतातली म्हणून शून्य धरली होती, तेल आईनं दिलं म्हणून शून्य, काड्या शून्य. नफा ४३० रुपये, चेहरे फुललेले. मी विचारलं, वांगी बाजारात नेली असती तर काय आलं असतं? पहाटे कोण उठलं होतं भाजायला? दोघींनी पुन्हा मांडलं. आईची मजुरी किती धरायची यावर त्यांचं जोरात भांडण झालं. एक म्हणे दोनशे, दुसरी म्हणे आई पैसे घेत नाही तर धरायची कशाला. मी मधे पडलो नाही.

---

रोखठोक

धरायची. आणि बाईला शेतात मिळते ती मजुरी धरली की पुरुषाला किती मिळते तेही विचारायचं.

---

साक्रीची_ताई

+१००

---

केळीबाग_रावेर

भाऊ, आमच्या गावातली शाळा घ्याल का पुढच्या वर्षी? एक खरं सांगू, पोरांसोबत आम्ही बापलोकही मागे बसू. फळपीक विम्याचा कागद वाचून दाखवणारा माणूस मिळाला नाही अजून. पैसे कापले जातात ते कळतं, मिळतात कधी ते कळत नाही.

---

हिशेबनीस

विम्यातलं मला नीट येत नाही, पण आमच्याकडे एकजण आधी विमा कंपनीत होता, त्याला घेऊन येतो. आनंददायी शनिवारचा तास मिळत असेल तर मुख्याध्यापकांशी बोलून ठेवा.

---

वाचनमात्र_चाळीसगाव

उशिरा आले धाग्यावर. एकच शंका: बारा वर्षांच्या मुलाचं खातं पोस्टात काढावं की बँकेत? शाळेतून सगळ्यांची एकदम काढायची म्हणताहेत.

---

भुसावळ_जंक्शन

पोस्टात दहा वर्षांवरचं मूल स्वतःच्या नावानं काढू शकतं, सुरुवातीला ५०० रुपये लागतात. सगळ्या वर्गाला ते जमेलच असं नाही. बँकेत शून्य शिलकीचं साधं बचत खातं मागा, जवळच्या शाखेच्या व्यवस्थापकाला आधी भेटा म्हणजे ते शाळेतच येऊन फॉर्म भरून घेतात. आधार आणि जन्मदाखला तयार ठेवा. आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळतं का ते आधी तपासा, निम्मी प्रकरणं तिथेच अडकतात. आणि शिष्यवृत्तीसाठी आधीच काढलेलं, नंतर बंद पडलेलं खातं असेल तर नवं काढू नका, केवायसी करून तेच चालू करून घ्या.